‘ज्यूलियस’ हे सीझरचं पाळण्यातलं नाव नव्हे

ज्यूलियस हे नाव आणि सीझर हे आडनाव, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. त्याचं स्वतःचं नाव गायस. ज्यूलियस हे कुळाचं, सीझर हे कुळातल्या शाखेचं. वडीलही गायस ज्यूलियस सीझरच! रोमन लोक मुलाचं नाव नवव्या दिवशी ठेवत, पण प्रचलित नावं जेमतेम दीड डझन. म्हणून ती एक ते तीन अक्षरांतच लिहीत: मार्कसचा ‘एम’, गायसचा मात्र ‘सी’.

इथेच वाचणारे फसतात. जुन्या लॅटिनमध्ये ‘क’ आणि ‘ग’ या दोन्ही उच्चारांना ‘सी’ हे एकच अक्षर होतं. ‘जी’ इ.स.पू. ३ऱ्या शतकात रुळलं, तरी संक्षेप जुनाच राहिला. शिलालेखात नावापुढे ‘सी एफ’ (‘एफ’ म्हणजे ‘फिलियस’, मुलगा) दिसलं, तर ‘गायसचा मुलगा’ असं वाचा.