‘सॉर्ट -एम’: आधी कार्डं, मग टेप, मग फाइल

रोल नंबराप्रमाणे लावलेले पेपरांचे दोन गठ्ठे एक करायचे असले, तर कुठलाही मास्तर सगळे पेपर विस्कटून पुन्हा लावत बसत नाही. गठ्ठे शेजारी ठेवतो, वरचे दोन नंबर बघतो आणि लहान नंबराचा पेपर उचलून तिसऱ्या गठ्ठ्यात पालथा टाकतो. युनिक्स-लिनक्सवर फाइलीतल्या ओळी क्रमानं लावणारी ‘सॉर्ट’ नावाची कमांड आहे. तिला ‘-एम’ (म्हणजे मर्ज, लावलेल्या फाइली एकत्र करणं) जोडलं की ती एवढंच करते. प्रत्येक फाइलची समोरची ओळ तेवढी तिला बघायची असते, त्यामुळे रॅमपेक्षा कितीतरी मोठ्या फाइलीही सहज एक होतात.

ही युक्ती कॉम्प्युटरच्या आधीची आहे. १९३५ साली अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा (सामाजिक सुरक्षेचा) कायदा झाला आणि कोट्यवधी कामगारांच्या नोंदी भोकं पाडून माहिती नोंदवायच्या पंच कार्डांवर सांभाळायची वेळ आली. नवी कार्डं जुन्या गठ्ठ्यात जागच्या जागी घालायची कशी? आयबीएमनं १९३७ मध्ये ०७७ नंबरचा कोलेटर आणला. त्यात दोन गठ्ठे भरायचे. मशीन दोन्हीकडची कार्डं ताडून बघत त्यांचा एक गठ्ठा करी. एका बाजूनं मिनिटाला २४० कार्डं सरकत.

१९४५ मध्ये गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक या कॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम लिहिला, तोही याच कामाचा. एडव्हॅक तेव्हा फक्त कागदावर होता. शाईनं लिहिलेली २३ पानं. पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून खोडलेल्या ‘टॉप सीक्रेट’ या शब्दांच्या खुणा. आकडेमोडीसाठी बेतलेलं यंत्र कारकुनी कामालाही चालतं का, हे त्यांना पडताळायचं होतं. अणुबॉम्बच्या गणितात बुडालेल्या माणसानं त्यासाठी गठ्ठे लावायचं काम निवडावं, याची मला अजून गंमत वाटते.

पण मर्जचं राज्य खरं आलं ते कॉम्प्युटरच्या चुंबकीय टेपमुळे. टेपवर मधल्या नोंदीकडे उडी मारता येत नाही, सुरुवातीपासून क्रमानं वाचत जावं लागतं. आणि मर्जला नेमकं तेवढंच पुरतं. बँकेची सगळ्या खात्यांची मास्टर टेप खाते क्रमांकानं लावलेली, दिवसभराचे व्यवहारही त्याच क्रमानं लावून घ्यायचे, रात्री दोन्ही टेप एकदम चालवायच्या आणि नवी मास्टर टेप काढायची. जुनी पुसायची नाही, म्हणून आजोबा, बाप, मुलगा अशा तीन पिढ्या कपाटात. अशी कामं सगळीकडे तीच, फक्त नोंदींची रचना वेगळी. हे ओळखून १९५१ मध्ये बेटी होल्बर्टन यांनी युनिव्हॅक या कॉम्प्युटरसाठी जनरेटर केला: फाइलींचं वर्णन द्या, सॉर्ट-मर्जचा प्रोग्रॅम तो लिहून देईल. एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरवर काम केलेल्या या बाईंचं नाव आजही कमीच घेतलं जातं.

बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत होतं तेव्हा डिस्क आली होती, पण मेमरी तुटपुंजीच. म्हणून ‘सॉर्ट’ मेमरीत मावेल तेवढा डेटा घेई, लावून तात्पुरत्या फाइलीत टाकी आणि शेवटी त्या फाइली मर्ज करी. ‘-एम’ म्हणजे यातला पहिला अर्धा भाग वगळणं. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये हा पर्याय आहे: फक्त मर्ज, फाइली आधीच लावलेल्या आहेत. लिनक्सवरचं आजचं ग्नू ‘सॉर्ट’ एरवी एका वेळी १६ फाइली घेतं. जास्त असल्या तर मध्ये पुन्हा तात्पुरत्या फाइली.

‘आधीच लावलेल्या’ हे मात्र ती डोळे झाकून मानते. दोन लावलेल्या फाइलींच्या ओळी जोडणारी ‘जॉइन’ कमांड निदान कुरकुर करते, ‘सॉर्ट -एम’ चकार शब्द काढत नाही. मराठी याद्यांत हे हमखास अंगाशी येतं. कॉम्प्युटरसाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ‘ळ’ हे ‘ल’च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत ‘ह’च्या नंतर. म्हणून भाषेप्रमाणे क्रम ठरवणाऱ्या ‘एलसी_ऑल’ या सेटिंगला ‘सी’ (म्हणजे निव्वळ अक्षरांच्या क्रमांकांचा क्रम) दिलं तर काळे आधी आणि कासार नंतर. शब्दकोशाच्या क्रमानं कासार आधी, काळे नंतर. एक यादी एका क्रमानं लावलेली आणि दुसरी दुसऱ्या, अशा दोन याद्या मर्ज केल्या की तेच काळे दोन ठिकाणी निघतात, आणि मागे लागोपाठच्या सारख्या ओळी गाळणारी ‘युनिक’ कमांड लावूनही दुबार नाव जात नाही. दोन्ही फाइलींवर आधी त्याच ‘एलसी_ऑल’नं क्रम फक्त तपासणारी ‘सॉर्ट -सी’ चालवली, तर कुठली ओळ पहिल्यांदा चुकली ते ती लगेच सांगते.