नकाशावरच्या लाल पट्ट्याखाली काय चालते?

एप्रिल-मे महिन्यांत ‘एल निनो येणार, पाऊस दगा देणार’ अशा अर्थाचा मथळा वर्तमानपत्रांत हमखास दिसतो. एल निनो म्हणजे विषुववृत्ताजवळच्या मध्य आणि पूर्व प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणे. मथळ्याचा पहिला अर्धा भाग मोजमापांवर आधारलेला असतो आणि दुसरा अर्धा घाईने काढलेला निष्कर्ष असतो. या दोहोंच्या मध्ये जे घडते ते विलक्षण देखणे आहे. ते समजण्यासाठी दर महिन्याला प्रसिद्ध होणारे तापमानाचे आणि पावसाचे जागतिक नकाशे नीट वाचता आले पाहिजेत.

या नकाशांवरचा रंग बहुधा प्रत्यक्ष तापमान दाखवत नाही. एखाद्या ठिकाणचे त्या महिन्याचे तापमान त्याच महिन्याच्या दीर्घकालीन सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली होते, एवढेच तो सांगतो. ही सरासरी आता बहुतेक ठिकाणी १९९१ ते २०२० या तीस वर्षांची धरतात. तुलना त्याच महिन्याशी करावी लागते, कारण प्रत्येक महिन्याचा स्वभाव वेगळा असतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला. तरीही संपूर्ण पृथ्वीचे सरासरी तापमान जुलैमध्ये सर्वाधिक असते आणि जानेवारीपेक्षा सुमारे ४ अंश सेल्सिअसने जास्त भरते, कारण उत्तर गोलार्धात जमीन अधिक आहे आणि जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. जून २०२३ ते जून २०२४ या सलग १३ महिन्यांपैकी प्रत्येक महिना आपापल्या नावाच्या महिन्यांत सर्वाधिक उष्ण ठरला, असे युरोपच्या कोपर्निकस या हवामान-निरीक्षण सेवेच्या नोंदी सांगतात. त्यामागे मुख्यतः हरितगृह वायूंमुळे होणारी तापमानवाढ होती आणि तिच्या जोडीला एल निनो होता.

एल निनोचे मोजमाप मध्य प्रशांत महासागरातील एका आयतात होते. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ५ अंशांपर्यंत आणि १७० ते १२० अंश पश्चिम रेखांशांदरम्यान पसरलेल्या या आयतातील समुद्रपृष्ठाचे तापमान सरासरीपेक्षा किमान अर्ध्या अंशाने वर राहिले, की नकाशावर लाल पट्टा उमटतो. पण हा पट्टा म्हणजे गोष्टीचा शेवट आहे. तिची सुरुवात काही महिने आधी, पाण्याखाली झालेली असते.

विषुववृत्तावर व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. बशीतल्या चहावर फुंकर घातली की चहा पलीकडच्या काठाशी चढतो, तसे हे वारे वरचे उबदार पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटत राहतात आणि तिथली समुद्रपातळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच होते. उबदार पाण्याखाली थंड पाणी असते, आणि ज्या थरात तापमान झपाट्याने उतरते त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. हा थर पश्चिमेला दीडशे मीटरांच्या आसपास खोल असतो, तर पेरू आणि इक्वेडोरजवळ तो पृष्ठभागाच्या इतका जवळ येतो की तिथे थंड पाणी सहज वर खेचले जाते.

आता पश्चिम प्रशांतात काही दिवस वारे उलटे, म्हणजे पश्चिमेकडून वाहिले असे समजा. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे वाऱ्याने ढकललेले पाणी उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते. वारा पूर्वेकडे जात असल्याने या दोन्ही दिशा विषुववृत्ताकडेच येतात. तिथे पाणी गोळा होते आणि थर्मोक्लाइन खाली दाबले जाते. हा दाब मग केल्विन लहर होऊन पूर्वेकडे निघतो. पृथ्वीच्या फिरण्याचा तोच परिणाम लहरीला दोन्ही बाजूंनी विषुववृत्ताशी जखडून ठेवतो, म्हणून ही लहर उत्तर-दक्षिण पांगत नाही आणि पश्चिमेकडेही जाऊ शकत नाही. तिचा वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटर, म्हणजे दिवसाला दोनशे किलोमीटरांहून थोडा अधिक असतो. प्रशांत ओलांडायला तिला दोन ते तीन महिने लागतात.

मला सर्वांत भावते ते पुढचे. उबदार आणि थंड पाण्याच्या घनतेत फार थोडा फरक असल्यामुळे पृष्ठभाग केवळ १० सेंटिमीटर उचलला गेला, तरी थर्मोक्लाइन वीस-तीस मीटर खाली जाते. जहाजावरच्या माणसाला काहीच कळणार नाही. मात्र समुद्राची उंची मोजणारा उपग्रह ते सेंटिमीटर टिपतो आणि समुद्रात नांगरलेले तरंगते बोये खालचे तापमान कळवतात. लहर पूर्वेला पोहोचली की तिथेही पाणी वर खेचले जातच असते, पण आता वर येते ते उबदार पाणी. पूर्वेचा समुद्र तापल्याने पूर्व-पश्चिम वायुदाबातील फरक घटतो, व्यापारी वारे मंदावतात आणि आणखी उबदार पाणी पूर्वेकडे सरकते. समुद्र आणि वातावरण एकमेकांना असे खतपाणी घालतात, हे हवामानशास्त्रज्ञ जेकब ब्यर्कनेस यांनी १९६९ साली मांडले. प्रशांत महासागराच्या दोन टोकांमधला वायुदाबाचा झोका त्याआधीच, १९२० च्या दशकात, गिल्बर्ट वॉकर यांनी दाखवला होता. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असताना मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी त्यांनी हे काम सुरू केले होते.

मग एल निनो म्हणजे दुष्काळ का? १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातील सर्वांत तीव्र एल निनोंपैकी होता, तरी त्या वर्षी भारतात मान्सूनचा पाऊस सरासरीइतका झाला. २००२ चा एल निनो त्या मानाने मध्यम होता, पण त्या वर्षी १९ टक्के तूट पडली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील के. कृष्ण कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले, की सर्वाधिक ऊब मध्य प्रशांतात असेल तर भारतावर हवा खाली उतरण्याचा, म्हणजेच ढग दबण्याचा, परिणाम जास्त होतो. ती पूर्वेकडे असेल तर कमी होतो. त्याशिवाय १९९७ मध्ये हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्व भागापेक्षा अधिक तापला होता, तेही मान्सूनच्या पथ्यावर पडले. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, पण सप्टेंबरमध्ये सरासरीपेक्षा जास्त पाऊस झाला आणि हंगाम सरासरीच्या ९४ टक्क्यांवर संपला.

अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे घटमांडणी होते, म्हणजे घटाभोवती धान्ये मांडून पाऊसपाण्याचे भाकीत करतात, आणि पंचांगात पावसाचा अंदाज म्हणून नक्षत्रांची वाहने दिलेली असतात. शेतकऱ्याची काळजी खरी असल्यामुळे या प्रथांची थट्टा मी करणार नाही. परंतु घटातले धान्य आणि ऑगस्टातले ढग यांना जोडणारी कोणतीही भौतिक साखळी दाखवता येत नाही, म्हणून पेरणीचा आणि कर्जाचा निर्णय अशा भाकितावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘सुपर एल निनो’ची आरोळी ठोकून पावसाचा निकाल जाहीर करणाऱ्या वाहिन्यांबद्दलही माझे हेच म्हणणे आहे.

मार्च ते मे या काळात प्रशांत महासागरातील पूर्व-पश्चिम तापमानफरक कमी झालेला असतो, आणि वाऱ्याचा एखादा झोतही पुढची दिशा बदलू शकतो. त्यामुळे या महिन्यांत केलेले एल निनोचे अंदाज सर्वांत कच्चे असतात. भारतीय हवामान खाते एप्रिलमध्ये दिलेला मान्सूनचा अंदाज मेअखेरीस सुधारते, आणि ऑगस्ट-सप्टेंबरचा अंदाज जुलै संपता संपता वेगळा देते.