कीकॅडची नवी आवृत्ती आणि एक तापलेला रेग्युलेटर

मी कीकॅड या सॉफ्टवेअरवर आखलेले दहा सर्किट बोर्ड आले होते. हिरवेगार, कडा गुळगुळीत, पॅडवर चकचकीत कथील. पहिल्या बोर्डावर सगळे भाग जोडले, पाच व्होल्ट दिले आणि त्यांचे ३.३ व्होल्ट करणारा रेग्युलेटर काही सेकंदांत इतका तापला की बोट ठेवता येईना. मीटर लावला, तर आउटपुटला जवळजवळ शून्य. दुसरा बोर्ड जोडला, तिसरा जोडला, तेच. संगणकावर मात्र सॉफ्टवेअरची तपासणी स्वच्छ होती. चुका शून्य.

चूक माझीच होती. तो रेग्युलेटर होता एएमएस १११७. समोर तीन पाय आणि मागे एक रुंद पत्रा, ज्याला टॅब म्हणतात. कॉलेजपासून आम्ही ७८०५ हा रेग्युलेटर वापरत आलो. त्याचा टॅब ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बाजूला असतो, आणि हाताला तीच सवय लागलेली. एएमएस १११७ चा टॅब मात्र आतून दुसऱ्या पायाला, म्हणजे आउटपुटला जोडलेला असतो. त्याचा फूटप्रिंट, म्हणजे बोर्डावर तो जिथे बसतो त्या तांब्याच्या जागांचा नकाशा, मी स्वतः काढला आणि टॅबला पहिल्या पायाचा क्रमांक दिला. पहिला पाय ग्राउंडचा. सॉफ्टवेअरने सांगितलं तसं केलं. टॅब ग्राउंडच्या तांब्यात मिसळला आणि दहाही बोर्डांवर आउटपुट थेट ग्राउंडला चिकटलं.

 कीकॅडला आपल्याकडे बरेच जण कायकॅडही म्हणतात. पुढे कळलं, की कीकॅडच्या स्वतःच्या लायब्ररीत, म्हणजे तयार चिन्हं आणि फूटप्रिंट यांच्या संग्रहात, हा फूटप्रिंट आधीपासून आहे आणि त्याच्या नावातच ‘टॅब पिन २’ असं लिहिलेलं आहे. पत्रा कुठल्या पायाला जोडलेला आहे ते निवडतानाच डोळ्यांसमोर येतं. त्या नावामागे माझ्याआधी कुणाचं तरी बोट भाजलं असणार, असं मला ते वाचताना दर वेळी वाटतं. ही लायब्ररी जगभरातले लोक मिळून सांभाळतात, नावं कशी द्यायची याचेही त्यांचे ठरलेले नियम आहेत, आणि ती कुणालाही फुकट वापरता येते.

अशा सॉफ्टवेअरचं काम नेमकं काय? बोर्ड म्हणजे काचेचे धागे आणि इपॉक्सी यांची साधारण १.६ मिलिमीटर जाडीची पाटी, आणि तिच्यावर तांब्याचा पातळ थर. हा थर बहुतेक वेळा ३५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाइतकाही जाड नसतो. नको असलेलं तांबं रसायनाने खाऊन टाकलं की उरतात ते ट्रॅक, बोर्डावरच्या तारा. डिप्लोमाला असताना आम्ही तांब्याच्या पाटीवर मार्करने ट्रॅक काढायचो आणि ती फेरिक क्लोराइडच्या ट्रेमध्ये हलवत बसायचो. पिवळट तपकिरी डाग शर्टावरून कधीच जायचे नाहीत. मार्करची रेघ जिथे विरळ पडली तिथे ट्रॅक तुटायचा, आणि तो तुटलाय हे भिंगाशिवाय दिसायचं नाही.

सॉफ्टवेअरमध्ये दोन चित्रं असतात. पहिलं स्किमॅटिक: कुठला पाय कुणाला जोडायचा एवढंच ते सांगतं. दुसरं लेआउट: प्रत्यक्ष पाटीवर कुठला भाग कुठे बसेल आणि तांबं कुठून जाईल. पहिल्यावरून दुसऱ्याकडे आलात की सगळे भाग एका ढिगात पडतात आणि त्यांच्यामध्ये बारीक सुतांचा गुंता दिसतो. एकेक सूत म्हणजे अजून न काढलेला एकेक ट्रॅक. मग तो गुंता सोडवत बसायचं, एक ट्रॅक दुसऱ्याला कुठेही न शिवता.

ट्रॅक नुसते जोडले की झालं असं नाही. १ मिलिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब ट्रॅकचा रोध साधारण ०.०५ ओहम भरतो. त्यातून २ अँपिअर गेले तर ०.१ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, जे बहुतेक ठिकाणी चालून जातं. तोच ट्रॅक ०.२ मिलिमीटरचा ठेवला तर रोध पाचपट. आता अर्धा व्होल्ट वाटेत जातो आणि त्या केसाएवढ्या तांब्यात १ वॅट उष्णता तयार होते. सिग्नल वेगवान असतील तर वेगळीच काळजी. अशा पाटीवर सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो, म्हणून एकत्र पोहोचायला हवेत अशा तारांची लांबी सारखी करावी लागते. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या बोर्डावर काही ट्रॅक उगाच नागमोडी गेलेले दिसतात, ते यासाठी.

कीकॅड १९९२ मध्ये सुरू झालं. फ्रान्समधल्या ग्रनोब्ल इथल्या तंत्रशिक्षण संस्थेत ज्याँ-पिएर शारास यांनी ते लिहायला घेतलं. बरीच वर्षं ते हौशी मंडळींचं, थोडं खडबडीत साधन होतं. त्याला बळ मिळालं ते सर्नमुळे. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या या कणभौतिकी प्रयोगशाळेला स्वतःची इलेक्ट्रॉनिक्स लागते, आणि आपले बोर्ड सगळ्यांना खुले असावेत असं तिथल्या अभियंत्यांना वाटत होतं. त्यासाठी २०११ मध्ये त्यांनी खुल्या हार्डवेअरचा परवानाही तयार केला. पण मोठी अडचण अशी, की बोर्डाची फाइल खुली केली तरी ती उघडायला महागडं सॉफ्टवेअर लागत असेल, तर ती खुली कुणासाठी? म्हणून २०१३ पासून सर्नने कीकॅडच्या कामाला हातभार लावायला सुरुवात केली.

सर्नच्या हातभारातून आलेली माझी सगळ्यांत आवडती गोष्ट म्हणजे ट्रॅक ढकलणारा राउटर. गच्च भरलेल्या बोर्डावर दोन ट्रॅकच्या मधून तिसरा न्यायचाय. पूर्वी शेजारचे ट्रॅक पुसायचे, थोडे सरकवून पुन्हा काढायचे, मग त्यांच्या शेजारचे. संध्याकाळ त्यातच जायची. हा राउटर तुम्ही नवा ट्रॅक ओढत नेता तसतसा शेजाऱ्यांना बाजूला सारतो, ठरवलेलं अंतर राखतो, आणि जागाच उरली नाही तर तिथे थांबतो. गर्दीच्या लोकलमध्ये ‘जरा सरका’ म्हटल्यावर बाकावरचे सगळे थोडे थोडे सरकतात आणि चौथी सीट होते, तसं. आपोआप सगळे ट्रॅक काढून देणारा राउटर मात्र कीकॅडमध्ये नाही. त्यासाठी वेगळा प्रोग्राम जोडावा लागतो. मला त्याची खंत नाही. ट्रॅक हाताने काढताना आपला बोर्ड आपल्याला जसा कळतो, तसा एरवी कळत नाही.

ढकलणारा राउटर २०१५ च्या चौथ्या आवृत्तीत सगळ्यांच्या हाती आला. २०१८ मध्ये पाचवी आली. तिच्यात एनजीस्पाइस हा सिम्युलेटर आतच आला, म्हणजे बोर्ड न बनवता सर्किट चालवून पाहायची सोय झाली. ईगल या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या फाइल उघडण्याची सोयही तेव्हाच झाली. पुढे साडेतीन वर्षं वाट पाहावी लागली. सहावी आवृत्ती २५ डिसेंबर २०२१ ला आली आणि मुळापासून बदललेली होती. तोपर्यंत स्किमॅटिकमध्ये वापरलेली चिन्हं बाहेरच्या लायब्ररीवर अवलंबून असत. प्रोजेक्ट दुसऱ्याला देताना सोबतची एक छोटी फाइल राहून गेली, की त्याच्या पडद्यावर चिन्हांऐवजी नुसत्या प्रश्नचिन्हांच्या चौकटी. सहाव्या आवृत्तीपासून चिन्हं स्किमॅटिकच्या फाइलमध्येच राहतात. हा बदल जाहिरातीत कुणी ठळक छापणार नाही, पण गटाने काम करणाऱ्याला विचारा.

तेव्हापासून दर वर्षी एक मोठी आवृत्ती असा शिरस्ता पडला आहे: २०२३ च्या फेब्रुवारीत सातवी, २०२४ च्या फेब्रुवारीत आठवी, २०२५ च्या फेब्रुवारीत नववी. नवव्या आवृत्तीतल्या तीन गोष्टी मला रोज उपयोगी पडतात. एक म्हणजे जॉबसेट. बोर्ड बनवायला पाठवताना प्रत्येक थराचं चित्र सांगणारी गर्बर फाइल, भोकांची ड्रिल फाइल, भागांची यादी, कुठला भाग कुठे ठेवायचा त्याचा तक्ता, असं बरंच काही काढावं लागतं. ड्रिल फाइल विसरणं हा तर नवशिक्यांचा नेहमीचा अपघात, आणि मी नवशिका नसतानाही एकदा विसरलो आहे. आता ही सगळी यादी एकदा ठरवून ठेवली की एका बटणावर सगळं बाहेर येतं. दुसरी म्हणजे आठ रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या, बोर्डासारखं काम. आठही भाग हुबेहूब सारखे असतात. एक नीट मांडा, तीच मांडणी उरलेल्या सातांवर उतरवता येते. तिसरी म्हणजे फाँट, डेटाशीट (भागाचं माहितीपत्रक) किंवा भागाचं थ्रीडी मॉडेल बोर्डाच्या फाइलच्या पोटातच ठेवता येतं, वेगळं सोबत पाठवावं लागत नाही.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. चालू प्रोजेक्टच्या मधेच अपडेट करू नका. करायचंच असेल तर गटातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी करा, आणि आधी फोल्डरची प्रत काढून ठेवा. मोठी आवृत्ती आली की मी पहिल्या एक-दोन दुरुस्त्या येईपर्यंत थांबतो आणि तोवर ती वेगळ्या संगणकावर चालवून बघतो.

नवीन सोयींपेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती फाइलच. कीकॅडची बोर्ड फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहा. एकेका ट्रॅकची एकेक नोंद दिसेल: इथून सुरू, इथे शेवट, रुंदी ०.२५, थर वरचा. माणसाला वाचता येते अशी. काल आणि आज यात काय बदललं, हे दोन फाइल शेजारी ठेवून पाहता येतं. उद्या कीकॅड बनवणारे सगळे जण थांबले तरी ही फाइल वाचणारा प्रोग्राम कुणीही लिहू शकेल, कारण कीकॅडचा सगळा कोड जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली उघडा आहे. याचं मोल ईगल वापरणाऱ्यांना विचारावं. माझ्या पिढीतले कितीतरी लोक ईगलवर शिकले. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने ते विकत घेतलं, पुढे ते वर्गणीवर गेलं, आणि २०२३ मध्ये जाहीर झालं की ७ जून २०२६ नंतर ते बंद. वीस वर्षांचे बोर्ड ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांनी ते नंतर कशात उघडायचे? कीकॅड त्या फाइल वाचतं, म्हणून निदान एक दार उघडं आहे.

आपल्या घराजवळचा धागाही आहे. पवईला आयआयटी मुंबईत फॉसी नावाचा प्रकल्प कॉलेजांमध्ये खुल्या सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. त्यांनी कीकॅड आणि एनजीस्पाइस यांची सांगड घालून ‘ई-सिम’ हे साधन तयार केलं आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या पॉलिटेक्निकला महागडे परवाने परवडत नाहीत, आणि मग प्रयोगशाळेत चोरीची प्रत चालते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. विद्यार्थ्याला घरी नेता येईल असं, लपवावं लागणार नाही असं साधन मिळणं ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. ‘झिरो पीसीबी’वर, म्हणजे भोकांच्या तयार पाटीवर, तारांचं जंजाळ करून मिनी प्रोजेक्ट उरकणारी पोरं दोन-तीन आठवड्यांत स्वतःचा बोर्ड काढू लागतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तो तापणाऱ्या रेग्युलेटरचा प्रोजेक्ट पाचव्या आवृत्तीच्या काळातला. गेल्या महिन्यात तोच जुना फोल्डर नवव्या आवृत्तीत उघडला. स्किमॅटिक नव्या रूपात साठवू का, असं तिने विचारलं, मी हो म्हणालो, आणि सगळं जागच्या जागी होतं. टॅबसुद्धा, ग्राउंडच्या तांब्यात रुतलेला. तपासणी चालवली. चुका शून्य, अजूनही. कारण तपासणी पाहते ती लेआउट आणि स्किमॅटिक जुळतात का, दोन ट्रॅकमध्ये अंतर पुरेसं आहे का. पत्र्याच्या आत काय कुठे जोडलंय ते तिला कोण सांगणार? माझा फूटप्रिंट काढून लायब्ररीतला ‘टॅब पिन २’वाला लावला. ग्राउंडचं तांबं पुन्हा भरताच टॅबभोवती एक बारीक काळी फट उमटली, पत्रा ग्राउंडपासून सुटला. मग आउटपुटचा ट्रॅक ओढून टॅबपर्यंत आणला. पाच बोर्ड बनवायला टाकलेत. या वेळी ड्रिल फाइलही गेली आहे.