रेल्वे-प्रतिकृतीचा देखावा

ठरावीक प्रमाणात लहान केलेल्या रेल्वेमार्गाभोवती डोंगर, कातळ, ओढे, झाडी, स्थानके, घरे आणि माणसे उभी करण्याची हस्तकला. रूळ, सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड), विजेची जोडणी आणि देखावा मिळून जी मांडणी होते तिला छंदी मंडळी ‘लेआउट’ म्हणतात. देखावा नसला तरी गाडी धावते. मात्र ती फळीवर ठोकलेल्या रुळांवरून गोल गोल फिरत राहते, कुठल्या गावाहून कुठल्या गावाला जात नाही.

पुण्यात या कलेचा पहिला धडा बहुतेकांनी लहानपणीच, आणि रेल्वेविना, गिरवलेला असतो. दिवाळीत वाड्याच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात जो किल्ला होतो त्याची रीत आठवावी : आधी दगडविटांचा ढिगारा, त्यावर भिजवलेले गोणपाट, त्यावर चिखलाचा हात, मग अळीव किंवा मोहरी पेरून आठवड्याभरात उगवणारे गवत, आणि शेवटी मावळे. आत सांगाडा, वर कवच, त्यावर माती, मग हिरवळ, मग माणसे हाच क्रम लेआउटलाही लागू पडतो. फरक पडतो तो प्रमाणाचा. किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी कोणी हरकत घेत नाही. लेआउटवर सिग्नलच्या खांबाला टेकलेला माणूस खांबाच्या निम्म्या उंचीचा निघाला, की पाहणाऱ्याची नजर तिथेच अडते.

प्रमाण : सर्वांत जास्त चालणारे प्रमाण ‘एचओ’, म्हणजे १:८७. यात रुळांतील अंतर १६.५ मिमी असते. त्याखालोखाल ‘एन’ (१:१६०, ९ मिमी), ब्रिटनमध्ये १६.५ मिमीच्याच रुळांवर १:७६ची ‘डबल ओ’ गाडी चालवतात. भारतीय छंदकऱ्याची अडचण इथूनच सुरू होते. १६.५ मिमी हे युरोप-अमेरिकेतील १,४३५ मिमी रुंदीच्या मार्गाचे रूप आहे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमीचा. १:८७ने तो १९.३ मिमी व्हायला हवा. तसे रूळ बाजारात मिळत नाहीत, ते स्वतः जुळवावे लागतात. बहुतेक जण १६.५वरच भागवतात आणि रुळांची अरुंदी खडीत, गवतात, फलाटाच्या कडेत झाकतात. आपली गाडी आपल्या गाडीसारखी दिसणे पुष्कळदा देखाव्याच्या या झाकपाकीवर अवलंबून असते.

एचओमध्ये साडेपाच फुटी माणूस १९ मिमीचा, रिक्षा जेमतेम ३ सेंमीची, बारा मीटरची बस १४ सेंमीची होते. पंधरा मीटरचा शिरीष १७ सेंमी उंच हवा. नवशिक्यांची झाडे हमखास याच्या निम्मी असतात आणि मग इंजिन राक्षसासारखे दिसते.

घाट आणि काटछाट : पुणेकर लेआउट करायला बसला की त्याला बोरघाट हवा असतो. १८६३ साली खुला झालेला हा घाट सुमारे २५ किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांवर चढतो आणि त्याचा सर्वांत तीव्र चढ ३७ला १ आहे. हेच आकडे १:८७ने भागले तर मार्ग २९० मीटर लांब आणि सव्वासहा मीटर उंच होतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे मावणे शक्य नाही. चोवीस डब्यांची एक गाडीच साडेसहा मीटर भरते. म्हणून काटछाट करावी लागते. ती सगळीकडे सारखी करून चालत नाही : चढ तसाच ठेवायचा, कारण बँकर, म्हणजे चढावर मागून रेटा देणारे इंजिन लावलेली गाडी ज्या कष्टाने चढते ते पाहण्यातच मजा आहे, बोगदे पंचवीसऐवजी दोन, गाडी सहा-सात डब्यांची, आणि क्षितिजावर नागफणीचा सुळका, जो मागच्या पडद्यावर रंगवला तरी चालतो. ३७ला १ या चढाने १० सेंमी वर जायला ३ मीटर ७० सेंमी रूळ लागतो. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर निदान ७-८ सेंमी उंची हवी. बहुतेक आराखडे कागदावर इथेच मोडतात.

काळही आधीच ठरवावा लागतो. १९२९पर्यंत घाटात गाडीची दिशा उलटवणारे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होते. नवा मार्ग झाल्यावर ते गेले. त्याच सुमारास पुण्यापर्यंत विजेच्या तारा आल्या आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. म्हणजे दिशा उलटवणारे स्थानक दाखवले तर डेक्कन क्वीन नको, आणि डेक्कन क्वीन दाखवली तर डोक्यावर तारा हव्यात. पुणे स्थानकाची आजची इमारत १९२५ची असल्याने ती दोन्ही काळांत खपते. रंगाचा एक डबा बाजूला ठेवून या चार ओळी वहीत लिहिल्या तर पुढचे सहा महिने वाचतात.

सांगाडा आणि कवच : खाली सागाच्या किंवा पाइनच्या रिपांची चौकट, वर १२ मिमीचे प्लायवूड. घाट असेल तर अख्खी फळी टाकत नाहीत. रुळांपुरतीच पट्टी उभ्या टेकूंवर चढवतात आणि मधली जागा मोकळी सोडतात, म्हणजे दरी रुळांच्या खालीही जाऊ शकते. डोंगर नेहमी वरच चढतो आणि जमीन कधी खाली उतरत नाही, हा सपाट फळीवरच्या देखाव्याचा मोठा दोष आहे. मोकळ्या जागेत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणून त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गॉजच्या पट्ट्या अंथरतात. मोडलेल्या हाताला घालतात त्याच त्या. औषधांच्या दुकानात तयार मिळतात. दुसरा मार्ग फोमचा. दाट निळा किंवा गुलाबी फोम सुरीने हवा तसा कापला जातो. थर्माकोल स्वस्त, पण त्याचे दाणे घरभर उडतात. विद्रावक असलेला रबरी गोंद लावला तर थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो. त्याला फेव्हिकॉलच बरा.

कातळ : परदेशी पुस्तिका पाहून केलेले डोंगर आल्प्ससारखे टोकदार, राखाडी आणि आडवेतिडवे चिरलेले होतात. सह्याद्री तसा नाही. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या आडव्या थरांचा आहे. जो थर घट्ट त्याचा उभा कडा होतो. जो सच्छिद्र तो झिजतो, त्याचा उतार होतो आणि त्यावर गवत धरते. कडा, उतार, कडा, उतार अशा पायऱ्या पडतात. दोन थरांमध्ये कधी तांबड्या मातीची पट्टी दिसते. हे ओळखले की काम सोपे होते : फोमचे दीड-दोन सेंमी जाडीचे तुकडे मागे सरकवत रचायचे, कडेच्या थराची धार सुरीने न कापता हाताने मोडायची, त्यावर उभ्या भेगा ओढायच्या, आणि प्रत्येक कड्याच्या पायथ्याशी गाळलेल्या मुरमाचा घसारा टाकायचा. संपूर्ण डोंगरभर थरांची आडवी रेघ एकाच पातळीत राहिली पाहिजे. बोगद्याच्या एका बाजूला ती वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसली तर डोंगर कापून चिकटवल्यासारखा वाटतो.

रंगाची चूक याहून जास्त होते. कातळ काळा म्हणून काळा रंग फासला जातो आणि दिव्याखाली डोंगराच्या जागी भोक दिसते. आधी फिकट मातकट हात द्यावा. मग काळा आणि तपकिरी मिसळून चहाइतका पातळ केलेला रंग वरून सोडावा. तो आपणहून भेगांत उतरतो. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त कंगोऱ्यांवर राखाडी ओढावा. पाणी झिरपते तिथे शेवाळाचे काळे ओघळ. बस.

खडी : देखाव्यात सर्वांत कंटाळवाणे काम हेच, आणि जवळून पाहणारा आधी हेच पाहतो. रुळांखालची खरी खडी २० ते ६५ मिमीची असते. १:८७ने ती अर्ध्या मिमीच्या आसपास येते. दगडाची बारीक कच चहाच्या गाळणीने गाळून घ्यावी. आधी रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवाव्यात आणि माथा लगेच पुसावा, कारण वीज तिथूनच जाते. मग खडी चमच्याने ओतून मऊ ब्रशने स्लीपरांमध्ये, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांमध्ये, बसवावी. स्लीपरच्या माथ्यावर एकही दाणा नको. आता भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घातलेले पाणी बारीक फवाऱ्याने शिंपडावे. हे टाळले तर फेव्हिकॉलचा थेंब खडीवर मण्यासारखा बसतो, दाणे गोळा करतो आणि खड्डा पडतो. ओल नीट पसरली की तीन भाग पाण्यात एक भाग फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडावे. दूध जमिनीत मुरावे तसे ते आत जाते. रात्रभर हात लावू नये. सांध्यापाशी मात्र गोंद थेंबाथेंबानेच. सरकणारी पाती एकदा चिकटली की सांधा उपटावाच लागतो.

गवत, झाडी आणि ऋतू : अळीव उगवून लेआउटवर चालत नाही; तो आठवड्यात मान टाकतो आणि पाण्याने प्लाय फुगते. जुनी पद्धत रंगवलेल्या भुशाची किंवा मिक्सरमधून काढलेल्या स्पंजची. आता नायलॉनचे २ ते ६ मिमीचे तंतू उच्च दाबाच्या विजेने उभे चिकटवतात. यंत्र महाग म्हणून अनेकांनी डास मारायच्या रॅकेटचे सर्किट काढून चहाच्या गाळणीला जोडले आहे : एक टोक गाळणीला, दुसरे ओल्या गोंदात खोचलेल्या खिळ्याला. गाळणी हलवली की तंतू ताठ उभे राहून जमिनीत रुततात. झटका जोराचा बसतो, तेव्हा बंद केल्यावरही दोन्ही टोके एकमेकांना टेकवून मगच हात लावावा.

झाडांसाठी तांब्याच्या जुन्या वायरी पिळून खोड आणि फांद्या करतात, त्यावर काथ्याचे विरळ तंतू, मग स्पंजचा भुगा. सगळीच झाडे एका डबीतल्या हिरव्या रंगाची नसावीत. इथे ऋतूचा निर्णय येतो. बहुतेकांना श्रावण हवा असतो : धबधबे, ओले रूळ, मिट्ट हिरवा घाट. दिसतोही देखणा. पण एप्रिलचा घाट करून पाहावा. गवत पिवळे, वणव्याने काळवंडलेले एखादे टेपाड, निष्पर्ण फांद्यांवर लाल पांगारा, घळीपुरती उरलेली हिरवाई. त्यात कातळाच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि गाडीचा रंग उठून दिसतो. धबधब्यासाठी वापरतात ते दोन भागांचे इपॉक्सी रेझिन. ते पातळ थरांत ओतावे लागते, एकदम ओतले तर तापते आणि तडकते. तळात सुईएवढे भोक राहिले तरी ओढा सकाळी फरशीवर सापडतो.

इमारती आणि माणसे : तयार संचांत युरोपातली घरे मिळतात, कौलारू स्टेशन, पत्र्याची केबिन, चहाची टपरी हे सगळे पुठ्ठा, कार्डशीट किंवा त्रिमितीय छपाईतून करावे लागते. नळीदार पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की पत्र्याचे छप्पर तयार. घरात दिवा लावायचा तर भिंती आतून काळ्या कराव्यात, नाहीतर सगळी भिंतच कंदिलासारखी उजळते. एलईडी, रोधक, बारीक वायर यांसाठी बुधवार पेठेतील तपकीर गल्ली; गाळण्या, ब्रश आणि नाना किडूकमिडूक तुळशीबागेत आणि बोहरी आळीत. पिवळा नामफलक, त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची, फलाटाच्या खांबांच्या बुंध्याशी तांबडे डाग, झोपलेला हमाल, वडापावच्या गाडीभोवती घोळका. गर्दी नेहमी सावलीच्या बाजूला. माणसे सारख्या अंतरावर उभी केली की कवायत वाटते.

पुण्यातील प्रतिकृती-रेल्वेचे सर्वपरिचित ठिकाण म्हणजे कोथरूडमधील जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेज. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून ते उभे राहिले आणि १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. तेथील प्रयोगात दिवे मंद होऊन लहानग्या शहरात रात्र होते. पुण्यातल्या कित्येक मुलांनी देखावा म्हणजे काय हे पहिल्यांदा त्या अंधारात पाहिले. जगात अमेरिकेच्या जॉन अॅलन यांनी जमिनीपासून छतापर्यंत चढवलेले डोंगर आणि मुद्दाम मळवलेल्या, जुनाट दिसणाऱ्या गाड्या रूढ केल्या. १९७३मध्ये त्यांच्या निधनानंतर काही दिवसांतच त्यांचा बहुतेक लेआउट आगीत गेला. इंग्लंडमधील पेंडन संग्रहालयात १९३०च्या दशकातील ग्रामीण भाग घर-घर मोजून केला आहे. हँबर्गचे २००१ साली उघडलेले ‘मिनिआटुर वुंडरलँड’ आकाराने या सर्वांना मागे टाकते.

निगा : पुण्याची धूळ आणि पावसाळी ओल हे दोन शत्रू. वापरलेल्या चहाचा चोथा उन्हात कडकडीत वाळवून मातीसाठी छान लागतो, पण अर्धवट वाळलेला असेल तर जुलैत त्यावर पांढरी बुरशी येते. कणकेची खळ वापरली असेल तर झुरळे आणि कसर त्यावर जगतात. प्लायला वाळवीचे औषध आधीच लावावे. गाडी अडखळू लागली तर आधी रुळांचा माथा स्पिरिटने पुसावा, इंजिन उघडू नये. धूळ काढायला मऊ ब्रश आणि हलक्या जोरावर ठेवलेला व्हॅक्युम क्लीनर. त्याच्या तोंडावर जुना नायलॉनचा पायमोजा ताणून बांधतात. सफाई झाली की मोजा पांढऱ्या कागदावर झटकायचा. एखादा हमाल, छत्री, टपरीवरची बरणी हमखास निघते, ती चिमट्याने उचलून पुन्हा जागेवर चिकटवायची.