कोतवाल बुकाशेजारची वही

जुनी नोंद हवी असली की विदर्भातला माणूस आधी कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची वही, काढतो, मग शाळेचा दाखल-खारिज. चर्चमधलं बाप्तिस्म्याचं रजिस्टर सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

इथली कॅथलिक वस्ती वाढली ती छावणीच्या आधारानं. १८२१ मध्ये कामठीला इंग्रजांची छावणी बसली. फौज मद्रासची, म्हणून तिथल्या जुन्या नोंदींच्या नकलाही मद्रासच्या गठ्ठ्यात गेल्या. आज त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिथं 'नागपूर' शोधत बसणारा रिकाम्या हातानं परततो.

१८४६ मध्ये सॅव्हॉयमधल्या ॲनसीचे मिशनरी विशाखापट्टणमला उतरले. (सॅव्हॉय हा आज फ्रान्समधला, फ्रेंच बोलणारा मुलूख; तेव्हा तो फ्रान्समध्ये नव्हताच, १८६० मध्ये गेला.) नागपूरही त्यांच्याच हद्दीत. ११ जुलै १८८७ रोजी नागपूरचा वेगळा धर्मप्रांत झाला, पहिले बिशप अलेक्सिस रिकाझ. पुढे १९५५ मध्ये अमरावती आणि १९६२ मध्ये चांदा वेगळे निघाले. म्हणून आजचा जिल्हा पाहून शोध घेऊ नये; त्या साली गाव कुठल्या बिशपाकडे होतं ते आधी पाहावं. रजिस्टर बहुधा गावच्या चर्चमध्येच राहतं, पत्रव्यवहार मात्र बिशपांच्या दप्तरात जातो.

खरी गंमत रजिस्टरात आहे. मजकूर लॅटिन: मूल, आईबाप, धर्ममातापिता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची हमी घेणारे), फादरची सही. छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, मिशनच्या आश्रयाला आलेल्या पोरक्या मुलांचे आईबाप माहीत नसले, तर त्या जागी दोनच शब्द पडायचे: 'पारेन्तिबुस इग्नोतिस', आईबाप अज्ञात. १९०७ च्या रोमच्या हुकुमानं आणखी एक सोय झाली. लग्न लागलं की ते बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात टिपायचं, लग्न दुसऱ्या गावी लागलं तरी. मेळघाटातल्या एखाद्या लेकीचं सासर कुठलं, हे त्या दोन इंचांत सापडू शकतं. कोतवाल बुकात जन्म आणि मृत्यू असतात, मधलं सासर नसतं.

नावं शोधताना मात्र लिहिणाऱ्याचा कान ओळखावा लागतो. फ्रेंच वळणाचा फादर 'उ'साठी रोमन 'ओयू' आणि 'श'साठी 'सीएच' लिहिणार. तेव्हा उकंडराव 'यू'खाली नसला तर 'ओ'खाली पाहावा, आणि शेवंता 'सी'खाली.