वेबसाइटला तुमची आठवण कशी राहते?

वेब ज्या एचटीटीपी नियमांवर चालतं, त्यांना मुळात स्मरणशक्तीच नाही. पान मागितलं, मिळालं, व्यवहार संपला. पुढचं पान मागणारी व्यक्ती तीच की दुसरी, हे सर्व्हरला, म्हणजे पान पाठवणाऱ्या संगणकाला, कळत नाही. मग ऑनलाइन दुकानात निवडलेली वस्तू लक्षात ठेवायची कोणी?

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली या तरुण अभियंत्याने यावर तोडगा काढला, तो म्हणजे कुकी. सर्व्हर पानासोबत मजकुराचा छोटा तुकडा पाठवतो, बहुतेकदा एक क्रमांक. ब्राउझर तो जपतो आणि त्या साइटवर पुन्हा गेलं की आपणहून दाखवतो. क्लोकरूमच्या बिल्ल्यासारखंच हे: बिल्ल्यावर नुसता नंबर, सामान त्यांच्याकडे. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक देणं सोपं होतं, पण त्यामुळे सगळ्या साइट्सना मिळून माणसाचा माग काढता आला असता. मोंटुलीने ते जाणूनबुजून टाळलं. ज्या साइटची कुकी, तिलाच ती दिसणार.

तरीही वाट सापडलीच. बातमीच्या पानावरची जाहिरात अनेकदा तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते, आणि तोही आपली कुकी ठेवू शकतो. हीच कंपनी हजारो साइट्सना जाहिराती पुरवत असली, तर त्या सगळीकडून तिला तोच क्रमांक परत मिळतो आणि कोणतं पान उघडलं होतं हेही कळतं. सकाळी वाचलेला मधुमेहावरचा लेख, दुपारी पाहिलेले कर्जाचे व्याजदर, रात्री शोधलेली नोकरी, सगळं एका क्रमांकाखाली जमा होतं. नाव माहीत नसलं तरी माणूस पुरता उघडा पडतो.

हा धोका तेव्हाही ओळखला गेला होता. फेब्रुवारी १९९७ मध्ये आलेल्या आरएफसी २१०९ या तांत्रिक मानकाने अशा त्रयस्थ कुकीज मुळातच बंद ठेवायला सांगितलं होतं. मोठ्या ब्राउझरांनी ते मानलं नाही, आणि माझ्या मते खरी चूक तिथेच झाली. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०२० मध्ये त्या सरसकट अडवल्या. गुगलच्या क्रोमनेही त्याच वर्षी त्या काढून टाकण्याचं जाहीर केलं आणि २०२४ मध्ये माघार घेतली. गुगलचं मुख्य उत्पन्न जाहिरातींचं आहे, हे इथे विसरता येत नाही.

युरोपात कुकीजसाठी वापरणाऱ्याची संमती घेणं सक्तीचं झालं, तर ‘स्वीकारा’ एका क्लिकवर आणि नकार मात्र अनेक क्लिकनंतर, अशी रचना आली. त्याबद्दल फ्रान्सच्या नियामकाने २०२२ च्या सुरुवातीला गुगलला १५ कोटी युरोंचा दंड ठोठावला.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये त्रयस्थ कुकीज बंद करता येतात. साइटची स्वतःची कुकी त्याने जात नाही, त्यामुळे लॉगिन सहसा टिकून राहतं.