पुनर्खेळातील काठिण्य-समतोल

भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम, म्हणजे आरपीजी, एकदा शेवटपर्यंत खेळून झाला की तेच पात्र कमावलेल्या लेव्हलसह, शस्त्रांसह आणि मंत्रांसह पुन्हा पहिल्या प्रसंगात उतरवता येते. तेव्हा त्याची आणि समोरच्या शत्रूंची जोड कशी लावायची, हा गेमरचनेतला जुना पेच आहे. अशा फेरीला ‘न्यू गेम प्लस’ म्हणतात. खेळणाऱ्यांच्या तोंडी ती नुसती ‘एनजी प्लस’ असते.

कुस्तीच्या फडात जोड नेमणारा जाणकार दोन्ही पैलवानांचे वजन आणि तयारी पाहून कुस्ती लावतो. आरपीजीच्या पहिल्या फेरीत हे काम रचनाकाराने आधीच करून ठेवलेले असते. गावाबाहेर लांडगे, मग दरोडेखोर, अर्ध्या वाटेवर राक्षस, शेवटी ड्रॅगन अशी चढण असते आणि नायक त्या चढणीनेच वाढत जातो. दुसऱ्या फेरीत ड्रॅगन मारून आलेला गडी पुन्हा लांडग्यांपुढे उभा राहतो. लांडगे जसेच्या तसे ठेवले तर ते गल्लीतल्या खेळातल्या कच्च्या लिंबासारखे होतात : खेळात आहेत, पण हिशेबात नाहीत.

नागपुरात या दुसऱ्या फेरीला जणू हंगामच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, भरदुपारी बाहेर पडायची सोय नसते आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. कूलरसमोर बसून साठ-सत्तर तासांचा गेम मे सरायच्या आत संपतो; सुट्टी संपत नाही. नवा गेम घ्यायला घरी पैसे मागायची हिंमत होत नाही, मग तोच पुन्हा लागतो. संत्र्याच्या बागेत पाणी तोडून झाडाला ताण देतात, तेव्हा बहर फुटतो. दुसऱ्या फेरीत हा ताण आणायचा कुठून, एवढाच सगळा प्रश्न आहे.

आकड्यांचा हिशेब

सर्वांत सोपा उपाय म्हणजे शत्रूंचे आकडे गुणून वाढवणे. तो कुठे फसतो हे एका काल्पनिक उदाहरणाने दिसते. समजा, इजा = हल्ला वजा बचाव, असे सूत्र आहे. लांडग्याचा हल्ला १२, नवख्या नायकाचा बचाव ४ आणि प्राण ६०. म्हणजे चाव्यागणिक ८ जातात आणि आठव्या चाव्याला नायक पडतो. गेम संपेपर्यंत नायकाचा बचाव ४० आणि प्राण ६०० झाले. आता जुना लांडगा दिवसभर चावला तरी काही होत नाही. मग लांडग्याचा हल्ला दहापट, १२० केला. चाव्याला ८० जातात आणि नायक पुन्हा आठव्या चाव्यालाच पडतो. जोड जमली असे वाटते.

पण हा हिशेब एकाच नायकाचा झाला. जड चिलखत घालून बचाव १०० वर नेलेल्याला तोच लांडगा २० ने चावतो, म्हणजे तो तिसाव्या चाव्यापर्यंत तगतो. सगळी कमाई मंत्रांत घातलेल्या, बचाव १० आणि प्राण २५० असलेल्या जादूगाराला ११० चा फटका बसतो आणि तिसऱ्या चाव्याला खेळ आटोपतो. गुणक एकच, पण तिघांच्या वाट्याला तीन निराळे गेम आले. वजाबाकीऐवजी टक्केवारीने इजा कापणारी सूत्रे ही दरी कमी करतात, मिटवत नाहीत. खेळाडूंनी पहिल्या फेरीत पात्रे जितक्या वेगवेगळ्या वाटांनी वाढवली असतील, तितका एकच गुणक कमी पडतो. ही मोकळीक तर आरपीजीचा प्राण आहे, त्यामुळे ती काढूनही घेता येत नाही.

गुणकाचा दुसरा तोटा कंटाळ्याचा आहे. शत्रूचे प्राण पाचपट केले आणि त्याच्या चाली त्याच ठेवल्या, तर लढाई अवघड होत नाही, लांबते. खेळाडू अशा शत्रूला ‘स्पंज’ म्हणतात. कितीही बुक्के मारले तरी तो शोषून घेतो.

वाटा

१९८६ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ने गेम संपवणाऱ्याला ‘सेकंड क्वेस्ट’ दिला. त्यात भुयारांचे नकाशे बदललेले होते, पण नायक पुन्हा रिकाम्या हातानेच निघत होता. तिथे जोडीचा प्रश्नच उद्भवला नाही. ‘न्यू गेम प्लस’ हे नाव रूढ केले ते १९९५ च्या ‘क्रोनो ट्रिगर’ने, आणि त्यात समतोल राखायचा प्रयत्नही नाही. शत्रू तेच राहतात, नायक त्यांना चुरडत जातो. मात्र अंतिम शत्रू लावोस याला कथेच्या कोणत्या टप्प्यावर गाठले यावर शेवट बदलतो, आणि असे शेवट डझनभर आहेत. ते पाहायला वेग हवा, अडथळा नको. दुसरी फेरी कशासाठी आहे हे आधी ठरवले तर असमतोलही चालतो, हे या गेमने फार लवकर दाखवले आणि नंतरच्या अनेकांनी विसरून टाकले.

सर्वांत बारकाईने विचार ‘डायब्लो २’ मध्ये दिसतो. २००० साली आलेल्या या गेममध्ये तोच नायक नॉर्मल, नाइटमेअर आणि हेल अशा तीन फेऱ्या करतो. २००१ च्या विस्तारात आग, थंडी, वीज आणि विष यांविरुद्धच्या प्रतिकारातून नाइटमेअरमध्ये ४० आणि हेलमध्ये १०० वजा होतात. या प्रतिकाराची नेहमीची कमाल मर्यादा ७५ टक्के. म्हणजे पहिल्या फेरीत जेमतेम ७५ जमवून निर्धास्त झालेला खेळाडू हेलमध्ये उतरतो तेव्हा उणे २५ वर असतो आणि प्रत्येक ठिणगी त्याला सव्वापट भाजते. शिवाय हेलमधल्या बऱ्याच राक्षसांवर एखाद्या प्रकारच्या इजेचा परिणामच होत नाही. केवळ आगीवर पोसलेल्या जादूगारणीला तिथे दुसरी विद्या शिकावी लागते, किंवा भाड्याचा सोबती पुढे करून मागे उभे राहावे लागते. शत्रू नुसता मोठा झालेला नाही. खेळाडूने ज्या सवयीवर भिस्त ठेवली होती, ती सवयच कामातून गेली आहे.

‘डार्क सोल्स’मध्ये (२०११) गुणक आहेच, पण त्याला एक गोष्ट साथ देते. पात्राचे गुण एका टप्प्यानंतर, बहुतेक ४० च्या आसपास, फारच थोडे फळ देतात आणि शस्त्रही एका मर्यादेपुढे धारदार होत नाही. नायकाची वाढ मंदावते, शत्रू थोडे थोडे चढत राहतात आणि काही फेऱ्यांनंतर त्यांचीही चढण थांबते. ‘डार्क सोल्स २’ने (२०१४) पुढच्या फेरीत ओळखीच्या कोपऱ्यांवर नवे शत्रू उभे केले आणि एक खास वस्तू शेकोटीत जाळून फक्त तेवढा परिसर अवघड करायची मुभा दिली. माझ्या मते ही या प्रकारातली सर्वांत प्रामाणिक सोय आहे, कारण किती तिखट हवे ते खाणारा सांगतो. सावजी जेवणाऱ्या गावाला हे पटायला हरकत नाही.

‘द विचर ३’ची (२०१५) दुसरी फेरी किमान ३० व्या लेव्हलपासून सुरू होते आणि शत्रूही तेवढेच वर सरकतात, ग्वेंट या गेममधल्याच पत्त्यांच्या खेळाचे पत्ते मात्र काढून घेतले जातात आणि ते पुन्हा जिंकत फिरावे लागते. काढून घेण्याची ही युक्ती इतरांनीही वापरली. ‘फायनल फँटसी ७ रिमेक’मध्ये (२०२०) गेम संपल्यावर खुल्या होणाऱ्या हार्ड पातळीत औषधी वस्तू वापरता येत नाहीत आणि बाकावर बसून प्राण भरले तरी मंत्रशक्ती भरत नाही. ‘स्टारफील्ड’मध्ये (२०२३) लेव्हल आणि कौशल्ये राहतात, जहाजे, पैसा आणि सामान जाते, त्याला कथेतच कारण दिलेले आहे.

शत्रूंची लेव्हल नायकाच्या लेव्हलशी कायमची बांधून टाकणे ही वाट वरकरणी निर्दोष दिसते. पण ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (२००६) पहिल्याच फेरीत तिचा विचका झाला. नायक वाढल्यावर रस्त्यावरचे फाटके दरोडेखोर महागड्या काचेच्या चिलखतात हिंडू लागले. तेवढे चिलखत ज्याच्या अंगावर आहे, त्याने किरकोळ नाण्यांसाठी वाट का अडवावी? जोड जमली, जग खोटे पडले.

हात आणि सेव्ह

वरच्या सगळ्या वाटांमागे एक न बोललेले गृहीत आहे : सेव्ह फाइलमधले, म्हणजे जपून ठेवलेल्या खेळातले, वाढलेले पात्र आणि ते चालवणारा सरावलेला हात एकाच माणसाचे आहेत. सापळा कुठे आहे, कोणता शत्रू कधी वार करतो, कोणाशी वाकडे बोलायचे नाही, हे सगळे खेळाडूच्या डोक्यात असते. ते कोणत्याही गुणकात धरता येत नाही. म्हणून काही जण स्वतःच अटी घालतात : चिलखत घालायचे नाही, लेव्हल वाढवायची नाही, पहिल्या तलवारीनेच संपवायचे. गल्लीत थोराड पोराला डाव्या हाताने बॅटिंग करायला लावतात, त्यातलाच हा प्रकार.

नागपुरात एका घरात एकच मशीन आणि त्यावर एकच सेव्ह असण्याचा प्रकार नवा नाही. मोठ्या भावाने गेम संपवलेला असतो, दुसरी फेरी सुरू करून तो क्लासला जातो आणि कंट्रोलर धाकटीच्या हातात पडतो. पात्राच्या अंगावर शेवटच्या लढाईतले चिलखत आहे, हातात पूर्ण धार दिलेली तलवार आहे आणि चुकवायचे बटण कोणते हे तिला ठाऊक नाही. वाढवलेला पहिला बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा बडा शत्रू, तिला तीनदा लोळवतो. “दादा, तू खेळून राहिला होता तेव्हा तर हा दोन फटक्यांत मरत होता,” अशी तक्रार संध्याकाळी येते. चौथ्या दिवशी ती त्या बॉसच्या डाव्या पायामागे उभी राहायला शिकते. दादाने ती जागा पूर्ण फेरीत एकदाही वापरलेली नसते.